बुधाजींचा कान

सव्वासहाला दीक्षाने डाव्या हाताने पेटीचा भाता हलवला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने षड्ज, करंगळीने पंचम दाबून धरला. दोन्ही सूर एकदम उठले. त्यांच्यामधून एक बारीक लाट येत-जात राहिली, थांबत आलेला पाळणा हलतो तशी. पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या बुधाजींनी डोळे मिटून घेतले.

"चढा आहे," ते म्हणाले. "उलसाक उतरव, केसभर."

दीक्षाने पेटी उघडली, पंचमाच्या पितळी रीडखाली पातळ पाते सरकवले आणि बुडाशी दोनदा कानस फिरवली. टोकाला घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. हात एकदा जास्त फिरला तर रीड वाया जाते. तिने पेटी मिटवून पुन्हा भाता हलवला. लाट आता लांबली होती. तिने आणखी एकदा पेटी उघडली, आणखी एकदा मिटवली. या वेळी लाट दोनदा आली, तिसऱ्यांदा येता येता सपाट झाली आणि दोन सुरांच्या जागी एकच रुंद सूर खोलीभर पसरला.

"बस," बुधाजी म्हणाले.

त्याआधी नळ येऊन गेला होता. पाणी भरून झाले होते, अंगण झाडून झाले होते, चहाही झाला होता. बुधाजींच्या पेल्यात चहा अर्धाच ओतायचा, म्हणजे हात हलला तरी सांडत नाही, हे त्या घरात कोणी न बोलता ठरून गेले होते. पहिला अर्धा संपला की दीक्षा उरलेला अर्धा ओतायची. दीक्षाची आई चतुराबाई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघेच होती. भिंतीपलीकडच्या घरात बुधाजींची विधवा बहीण पार्बताबाई राहत असे.

चाळीस वर्षे अकोल्यात आणि भोवतालच्या चार तालुक्यांत पेटी म्हटली की लोक बुधाजींकडे येत. भजनी मंडळे येत, शाळांचे संगीतशिक्षक येत, भीमगीतांच्या पार्ट्या येत. बेसूर पेटी त्यांनी कधी घराबाहेर जाऊ दिली नव्हती. एकदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गाणारी मंडळी गाडीवर चढून बसलेली असताना त्यांनी पेटी खाली उतरवून घेतली होती आणि एका रीडसाठी अख्खी मिरवणूक वीस मिनिटे थांबवली होती. लोकांनी तेव्हा शिव्या दिल्या आणि पुढे वर्षानुवर्षे ती गोष्ट कौतुकाने सांगितली. मग तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. कानस धरवेना. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन शिकवणी वर्गात मुलांना शिकवणारी दीक्षा सकाळी लवकर उठून त्यांच्या शेजारी बसू लागली. हात तिचा आणि कान त्यांचा, असे ते काम पुढे चालू राहिले. पेट्या कमी झाल्या होत्या, महिन्याला दोन किंवा तीन. पण सकाळचा हा दीड तास बुधाजींच्या दिवसाचा कणा होता. उरलेला दिवस त्याच्याभोवती कसाबसा उभा राहत असे.

ऑक्टोबरपासून दीक्षा आठवड्यातून तीनदा अमरावतीला जाऊ लागली. सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटो. रामराव पियानो जुळवायला शिकवत होते. नागपूरच्या एका वाद्यांच्या दुकानात रामराव आणि बुधाजी तरुणपणी एकत्र कामाला होते. एकाने पियानो धरला, दुसऱ्याने पेटी. आता साऱ्या वऱ्हाडात मोजून अकरा-बारा पियानो उरले होते आणि ते सगळे रामरावांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर अवलंबून होते.

पहिले तीन आठवडे रामरावांनी तिला एकही सूर जुळवू दिला नाही. मोडीत काढलेल्या एका पियानोच्या सांगाड्यावर चावी लावून ती नुसत्या खुंट्या फिरवत राहिली. खुंटी केसभर पुढे न्यायची, पाव केस मागे आणायची आणि तिथे ती बसली की नाही हे मनगटाला कळेपर्यंत थांबायचे. तिचे मनगट सुजले. रात्री ती त्याला मलम चोळत बसे आणि बापाला सारे सांगे: एका सुराला तीन तारा असतात, दोन तारांमध्ये जाड लोकरी नमद्याची पट्टी खुपसून त्यांना गप्प करायचे, उरलेली एक जुळवायची, मग दुसरी तिच्याशी, मग तिसरी. बुधाजी मन लावून ऐकत.

"म्हणजे तीन भावांले एका ताटात जेवाले बसवाचं," ते एकदा म्हणाले.

"हो. अन् तिघंही तिरसट."

अलीकडे मात्र त्यांच्या लक्षात काही आले होते. सकाळी पेटीवर दीक्षाला वेळ जास्त लागू लागला होता. लाट अजून जिवंत असताना तिचा हात मध्येच थांबे. बुधाजी "अजून आहे" म्हणत, तेव्हा ती दचकल्यासारखी पुन्हा कानस उचले. आजही तसेच दोनदा झाले होते.

साडेआठला तिने पिशवी भरली. चावी, नमद्याच्या पट्ट्या, मऊ ब्रश. आज अमरावती नव्हती. अकोल्यातल्याच एका चर्चच्या पियानोचे काम होते आणि रामराव स्वतः येणार होते.

दुपारी बाराच्या सुमारास रामराव एकटेच दारात उभे राहिले.

"बुधा, जिता आहे का?"

"तुह्यासाठी थांबलो. खांद्याले चौघं लागतीन, त्यातला एक तू."

"माह्यानं उचलणं होत नाही आता. दुसरा पाह्य."

ते खुर्चीत बसले, गुडघा सरळ केला आणि घाम पुसला. दीक्षाला त्यांनी पियानोच्या पट्ट्या काढून आतली धूळ साफ करायला बसवले होते. दोन तासांचे काम होते.

"शिकून राहिली नं नीट?" बुधाजींनी विचारले.

"हात चांगला आहे. असा हात मी पाहला नाही. कान बसत नाही."

बुधाजींची मान वर झाली. "माह्या पोरीच्या कानाले नाव ठेवतं तू?"

"तिच्या कानाले नाही ठेवत. तिच्या कानात तू बसला आहे."

रामरावांनी खिशातून रुमाल काढला, खिशात परत ठेवला आणि सावकाश सांगू लागले.

"हे पाह्य. तुही पेटी एका षड्जाची. त्याच्याशी सारे जुळले, लाट मेली, काम झालं. माह्याकडं बारा घरं आहेत, अन् कोनाच्याही घरात गाणं सुरू होऊ शकते. परत्येक पंचम तुह्यासारखा साफ लावत गेलं, तं बाराव्या घराले जागाच पुरत नाही. सूर लावाले बसली त्या पह्यल्या दिवशी तिनं तसंच केलं. अकरा पंचम असे लावले का मी उभाच राह्यलो. डोळ्यात पाणी आलं माह्या. मंग बारावा दाबला अन् कुत्रं गाडीखाली यावं तसा ओरडला तो. म्हणून परत्येकाचं उलसाक चोरून घ्याचं, साऱ्याईचं सारखं चोरून घ्याचं. पाच सेकंदात तीन लाटा राह्यल्या पाह्यजे. लाट जिती ठेवाची. मारली का खलास."

"मंग ठेव म्हणा जिती."

"ठेवते. पण सकाळी तुह्यापाशी मारते, दुपारी माह्यापाशी ठेवते. कान धड इकडचा राहून नाही राहिला, धड तिकडचा."

हे खरे होते. बुधाजींनी ते त्याच सकाळी ऐकले होते.

"मी तिले सांगतलं," रामराव म्हणाले, "दोन महिने अमरावतीले राह्य. माही बहीण माणिकबाई एकलीच असते, तिच्याकडं. तवर पेटीले हात लावू नको. एकदा इकडचा कान पक्का झाला, मंग दोन्ही कर, कोन अडवते. मिशन शाळेतले तीन पियानो जानेवारीपासून तिच्याकडं देतो म्हणून मी शब्द टाकला आहे. अन् फेब्रुवारीत मी चाललो सुरतले, पोराकडं. परत येणं नाही. मंग इकडं शिकवणारं कोनी नाही तिले."

"मंग अडलं कुठं?"

"नाही म्हणाली ते."

"काहून?"

रामराव जमिनीकडे पाहू लागले. "तुले नाही सांगतलं तिनं?"

"नाही."

"म्हणे, बाबाचे हात गेले. पेटी घरात आहे तवर बाबाचा कान कामी येते. मी गेली तं बाबा दिवसभर भिंतीकडं पाहत बसतीन."

बुधाजींनी उजवा हात उचलून मांडीखाली दाबला. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. चार वेळा खाकरून ती गप्प झाली.

"तू सांगून पाह्य तिले," रामराव म्हणाले.

"मी सांगतलेलं आयकन? माहीच आहे ते."

तरी त्यांनी सांगून पाहिले. रात्री दीक्षा मलम चोळत बसली असताना ते म्हणाले, "अमरावतीले जाय नं दोन महिने. पार्बता आहे नं इथं."

दीक्षाने वर पाहिले नाही. "आले होते वाटते रामरावकाका."

"जाय."

"अन् तुमच्या कानाचं काय करू? डब्यात भरून ठेवू?" ती हसली. मग मलमाच्या डबीचे झाकण लावत म्हणाली, "दर्यापूरच्या मंडळाची पेटी सोमवारी न्याले येणार आहेत. गांधार लावला आहे, पक्का व्हाचा बाकी आहे. झोपा तुमी."

ती झोपली. बुधाजी बराच वेळ उताणे पडून होते. तिचे मनगट उशीवर होते आणि झोपेतही तिची बोटे खुंटी फिरवल्यासारखी मधूनच वळत होती.

शनिवारी सकाळी नळ आला आणि गेला. चहा अर्धा झाला, उरलेला अर्धा झाला. दीक्षाने दर्यापूरच्या मंडळाची पेटी पुढे ओढली, भाता हलवला, षड्जाबरोबर गांधार दाबला.

गांधार चढा होता. चांगलाच चढा. त्याची लाट शिरशिरत येत होती, पत्र्यावर बोटे वाजवल्यासारखी. महिनाभर पियानोवर जो गांधार तिने ऐकला होता, तोच तिच्या हातातून नकळत पेटीत उतरला होता. बुधाजींनी डोळे मिटले. मांडीखाली दाबलेला हात त्यांनी आणखी दाबला.

"बराबर आहे," ते म्हणाले.

दीक्षाने भाता थांबवला नाही. तिची मान किंचित तिरपी झाली. आता तिलाही ते ऐकू येत होते.

"बाबा, परत आयका."

"आयकलं नं. बराबर आहे. पुढं चाल."

मग तिने पेटी उघडली. कानस फिरण्याचा आवाज आला, पण बुडाशी नव्हे; टोकाशी. बुधाजींना दोन्ही आवाज वेगळे कळत. टोकाशी कानस कोरडी वाजते. ती सूर आणखी चढवत होती, मुद्दाम.

पेटी मिटली. भाता हलला. गांधार आता असा विद्रूप झाला होता की रस्त्यावरचा कोणीही थबकला असता. बुधाजींच्या जबड्याची शीर हलली. चाळीस वर्षांत असा सूर वाजला की त्यांचा हात आपोआप भात्यावर जाऊन तो बंद करी. आज हात मांडीखालीच राहिला.

"हेबी बराबर," ते म्हणाले. "उलटं, पह्यल्यापेक्षा चांगलं."

दीक्षाने भाता सोडून दिला. सूर खाली बसत विझला.

"बाबा, डावा कान करा इकडं."

त्यांनी डावा कान केला. तिने पुन्हा वाजवले. त्यांनी पुन्हा मान डोलावली.

"कवापासून?" तिने विचारले.

"झाले दोन-तीन महिने. बोललेलं आयकू येते. लाट नाही येत. अंदाजानं सांगत होतो."

"सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू. हात गेले तवाच सांगून झालं होतं सारं." मग तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, "आता पेट्या नको घरात. माह्या बाजूनं बसून काय फायदा? तू जाय अमरावतीले. इथं बसून माह्या तोंडाकडं पाहत राहशीन, अन् मी तुह्या."

"डॉक्टरले दाखवू पह्यले."

"दाखवू. रविवारची येशीन तवा दाखवू."

दीक्षा उठून मोरीकडे गेली. नळाला पाणी नव्हते. बादलीतून पेला बुडवल्याचा आवाज आला, पण पाणी प्यायल्याचा आला नाही. बऱ्याच वेळाने ती परत येऊन पेटीसमोर बसली. तिने बुधाजींकडे पाहिले. ते खिडकीतून बाहेर पाहत होते.

मग ती गांधार उतरवू लागली. बुडाशी कानस ओली, मऊ वाजत होती. पेटी मिटवायची, भाता हलवायचा, ऐकायचे, पुन्हा उघडायची. तिने त्यांना काही विचारले नाही. बिघडवलेला सूर परत आणणे नव्याने लावण्यापेक्षा कठीण असते, आणि ती एकटी होती. लाटेची शिरशिर कमी झाली, वेगळ्या-वेगळ्या लाटा मोजता येऊ लागल्या. पाच सेकंदांत तीन झाल्या तेव्हा तिचा हात अडखळला. खिडकीकडे तोंड केलेल्या बुधाजींच्या पाठीचे स्नायू ताठ झाले. तिथून ती पुढे गेली. दोन. एक. मग एकच लांब श्वास, आणि त्यानंतर गांधार षड्जाच्या पोटात असा शिरला की तो वेगळा राहिलाच नाही. दीक्षाने कानस खाली ठेवली. त्यापुढे तिने एकदाही हात फिरवला नाही.

बुधाजींच्या ओठांवर रोजचा तो एक शब्द आला होता. त्यांनी तो दातांमागे धरला आणि समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांकडे पाहत राहिले.

"झालं का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

"झालं, बाबा," दीक्षा म्हणाली. "चांगलं झालं."

दुपारी तिने अंगणात जाऊन फोन लावला. "काका, मी राहाले येतो," ती सांगत होती. "सोमवारच्या गाडीनं." पुढे ती बोलली ते हळू होते. बुधाजींना तेही ऐकू आले.

सोमवारी ती पहाटेच निघाली. पार्बताबाईला तिने चहा दोनदा ओतायचे समजावून सांगितले, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, आणि दाराशी जाऊन पुन्हा आत आली.

"बाबा, मी फोन करीन तवा पार्बताआत्याजवळ देजा. तुमाले फोनवर येते का नाही आयकू, मले माहीत नाही."

"मोठ्यानं बोलजो," बुधाजी म्हणाले.

दहा वाजता दर्यापूरच्या मंडळाचे भगवंतराव पेटी न्यायला आले. जाड, गोरे, सत्तरीचे गृहस्थ. वीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक. बसल्याबसल्या त्यांनी पेटी पुढे ओढली आणि चार स्वर वाजवले. मग थांबले. पुन्हा वाजवले. गांधारावर बोट ठेवून ते किती तरी वेळ भाता हलवत राहिले.

"बुधाजी, कान आहे बाप्पा तुमचा. याले म्हणते गांधार."

"माहा नाही," बुधाजी म्हणाले. "पोरीचा आहे. एकलीनं केली ते पेटी. मले नाही समजत आता. कान गेले माहे."

टोपली घेऊन दारातून आत येणारी पार्बताबाई जागच्या जागी थांबली.

"कान गेले?" भगवंतरावांनी पेटीवरचा हात काढला. "तुमचे?"

"हो. चार मानसाईले सांगून देजा दर्यापुरात. इकडं पेट्या आणू नका म्हणा. पोरगी अमरावतीले पियानोचं काम शिकून राहिली, तिले आता फुरसत नाही."

भगवंतराव पुढे झुकले आणि बुधाजींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, एकेक शब्द वेगळा करून, मोठ्या आवाजात म्हणाले, "तब्येतीले जपा, बुधाजी."

त्यांच्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरल्या. बुधाजींच्या दोन्ही कानांत कळ गेली. पण ते मागे सरकले नाहीत. त्यांनी तळहात कानामागे धरला आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर दिले.

"काय म्हणता?"